शाळेत ‘बायल्या’ म्हणून चिडवतात, अशा मुलाला कोणती पुस्तकं द्यावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सातवीत आहे, नाचायला आवडतं, मुलींमध्ये जास्त रमतो, म्हणून वर्गात त्याला ‘बायल्या’ म्हणतात. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलांवरची, दोन आया किंवा दोन बाबा असलेल्या घरांवरची मुलांची पुस्तकं असतात असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं. ती कोणती, मराठीत मिळतील का, आणि ती वाचून मुलगा ‘तसाच’ होईल ही त्याच्या बाबांची भीती खरी आहे का?

मी तालुक्याच्या गावी एका शाळेत 16 वर्षं ग्रंथपाल आहे. पाचवी ते दहावीची मुलं माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगते.

बाबांच्या भीतीचं आधी बोलू, कारण तिथे अडलं तर पुढचं सगळंच अडेल. पुस्तक वाचून कोणी समलिंगी होत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी राजा-राणीच्याच गोष्टी ऐकल्या, तरी समलिंगी माणसं प्रत्येक पिढीत होतीच. जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 रोजी, सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असं सांगितलं. आणि तुमचा मुलगा यातलं कोणी आहे की नाही, ते आज ना तुम्हाला कळेल ना मला. नाचणारी, हळवी मुलं पुढे कोणीही होतात. वेळ येईल तेव्हा तो स्वतः सांगेल किंवा सांगण्यासारखं काही नसेलही. आत्ता त्याला रोज होणारा त्रास मात्र खरा आहे आणि तो थांबवायचाय.

काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यायचा. भिंतीकडच्या कपाटामागे एक स्टूल होतं, तिथे बसायचा. मांडीवर पक्ष्यांचं एक मोठं चित्रांचं पुस्तक. मला त्याचं फार कौतुक. पालकसभेत मी त्याच्या आईला म्हटलंसुद्धा, ‘तुमचा मुलगा केवढा वाचतो हो!’ एक दिवस नोंदवही घेऊन त्याच्या मागून गेले, तर पुस्तक धनेशाच्या पानावर उघडलेलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, धनेशच. तिसऱ्या दिवशीही. पान उलटतच नव्हतं. शेजारी डबा, तोही उघडलेला नाही. खूप उशिरा कळलं की मुलं त्याला मुतारीत गाठायची आणि ‘बघू, तू मुलगा आहेस का’ म्हणत चड्डी ओढायची. तिकडे जावं लागू नये म्हणून तो पाणी पीत नव्हता, डबा खात नव्हता, आणि घंटा होईपर्यंत माझ्या कपाटामागे बसून राहत होता. नववीनंतर त्याचं नाव शाळेतून काढलं. मी त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. ही पुस्तकं मी त्यानंतर शोधायला लागले.

त्या मुलाला तेव्हा यातलं एखादं पुस्तक दिलं असतं, तर त्याला आधार वाटला असता यात शंका नाही. पण मुतारीतली मुलं तशीच राहिली असती. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते: ही पुस्तकं फक्त तुमच्या मुलाच्या हातात देऊ नका. आधी तुम्ही वाचा, मग त्याच्या बाबांना द्या, मग वर्गात जाऊ देत. सातवीतल्या मुलाला बाजूला घेऊन ‘हे खास तुझ्यासाठी आणलंय’ म्हटलं, तर त्याला एवढंच ऐकू येतं की वर्गातली मुलं म्हणतात तेच आता घरीही म्हणायला लागले. घरात चार पुस्तकं असतात त्यात हेही असू दे. तुम्ही ते वाचताय हे त्याला दिसू दे. तेवढं पुरतं.

आता पुस्तकं. लहान मुलांच्या पुस्तकांत माझं सर्वांत लाडकं म्हणजे चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं ‘गुठली हॅज विंग्ज’. लेखन आणि चित्रं कनक शशी यांची. गुठली हे हिंदी नाव. आपल्याकडे म्हणू कोय. आंब्याच्या कोयीसारखं एक खेळकर पोर, गावभर बागडणारं, सगळ्यांचं लाडकं. घरचे म्हणतात तू मुलगा आहेस, आणि ती म्हणते मी मुलगी आहे. भांडण एवढंच. तिला फ्रॉक हवाय, परी व्हायचंय. ती रुसते, हसणं बंद होतं, आणि शेवटी आई फ्रॉक घेऊन येते. पुस्तकात कुठेही जड शब्द नाही, व्याख्या नाही. तुमचा मुलगा बारा वर्षांचा, त्याला हे ‘बाळबोध’ वाटेल असं समजू नका. मोठ्या मुलांनाही चित्रांची पुस्तकं वाचायला आवडतात, फक्त कोणी हसेल या धाकानं ती हात लावत नाहीत.

मी हे पुस्तक पाचवीच्या वाचन तासाला घेतलं. मजकूर इंग्रजी, म्हणून आदल्या रात्री वहीत मराठीत सांगणं लिहून काढलं आणि चित्रं दाखवत सांगितलं. फ्रॉकच्या पानाला मागच्या बाकावरून एक शिवी आली, तुम्ही ऐकलेलीच असेल, सहा धावांच्या फटक्यावरून पडलेली. दोघं-तिघं हसले. मी काही बोलले नाही, पुढचं पान उघडून धरलं, गुठली एकटी बसलीय ते. बराच वेळ धरलं. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी वैतागून म्हणाली, ‘बाई, आता सांगा ना, तिला फ्रॉक मिळतो का नाही?’ वर्गाला पडलेला प्रश्न तोच होता. गुठली नक्की कोण, हे कोणीच विचारलं नाही. शिवी देणाऱ्या मुलात त्या दिवशी काही फरक पडला असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या आठवड्यात पुस्तक नेण्यासाठी नऊ नावं लागली होती.

एका पालकांनी तक्रार केली, तेही सांगते. मला ‘पुस्तक सध्या बाजूला ठेवा’ असा निरोप आला आणि ते दोन महिने माझ्या टेबलाच्या खणात होतं. मग मी मुख्याध्यापकांना ते वाचायला दिलं. दहा मिनिटांचं पुस्तक. वाचून ते म्हणाले, ‘यात काय आहे? ठेवा कपाटात.’ बहुतेकांचा विरोध न वाचलेल्या पुस्तकाला असतो.

‘द बॉय अँड द बिंदी’ हे कॅनडातल्या विवेक श्रया यांचं 2016 चं पुस्तक. एका मुलाला आईच्या कपाळावरच्या टिकलीचं कुतूहल वाटतं, तो विचारतो हे काय, का लावतेस, आणि आई रागावण्याऐवजी समजावून सांगते नि त्यालाही एक लावते. आपल्याकडे आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्या घरोघरी असतात. लहानपणी त्यातली एक कपाळाला लावून न पाहिलेला मुलगा विरळाच, आणि त्यावरून ओरडा खाल्लेलेही पुष्कळ. बाबांना वाचायला द्यायचं असेल तर हे द्या.

घरांविषयीची पुस्तकं म्हणाल तर अमेय नरवणकर यांचं ‘रितू वेड्स चांदनी’ (2020) छान आहे. आयेशा नावाच्या छोट्या मुलीच्या चुलत बहिणीचं चांदनीशी लग्न आहे. रितू घोड्यावर बसून वरात घेऊन निघते, काही लोक ती अडवायला बघतात, वरातीवर पाणी मारतात, आणि ही पोरगी नाचायला लागते. तुमच्या मुलाला नाच आवडतो म्हणून मुद्दाम सांगितलं. शाल्स महाजन यांच्या ‘रेवा अँड प्रिशा’मध्ये जुळ्या बहिणी आणि त्यांच्या दोन आया आहेत. त्यात गंमत, मस्ती, शाळा सगळं आहे आणि दोन आया असणं ही त्या घरातली साधी गोष्ट आहे.

आणि पेंग्विनची खरी गोष्ट, ‘अँड टँगो मेक्स थ्री’, 2005 सालची. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलो या दोन नर पेंग्विननी जोडी जमवली, घरटं केलं आणि एक दगडच उबवत बसले. ते पाहून रखवालदारानं त्यांना एक खरं अंडं आणून दिलं, त्यातून टँगो निघाली. एवढ्याशा गोष्टीवरून अमेरिकेत वर्षानुवर्षं हे पुस्तक काढून टाकण्याच्या मागण्या झाल्या. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 2014 मध्ये ते मुलांच्या विभागातून काढलं. लगदा करायचं ठरलं होतं, लोकांनी आवाज उठवल्यावर मोठ्यांच्या विभागात नेऊन ठेवलं. आपल्या मुलांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन पाहिलेत, त्यांना ही गोष्ट लगेच कळते.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी दोन भारतीय कादंबऱ्या आहेत, दोन्ही इंग्रजीत, दोन्ही 2014 च्या. पायल धर यांच्या ‘स्लाइटली बर्न्ट’मध्ये कोमलला तिचा जिवलग मित्र साहिल सांगतो की त्याला मुली आवडत नाहीत. कोमल सुरुवातीला चुकते, दुखावते, मग सावरते. हिमांजली शंकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ जास्त जड आहे. मुस्काननं आत्महत्येचा प्रयत्न केलाय इथून ती सुरू होते, म्हणून तुमच्या मुलाला आत्ता अजिबात देऊ नका; तुम्ही जरूर वाचा. त्यात मुस्कान स्वतः बोलतच नाही. बोलतात ते तिचे तीन वर्गमित्र, जे तिच्या आसपास होते. कोणी काय पाहिलं, कोणी काय बोलायचं टाळलं, ते पानापानावर उलगडत जातं. वाचताना मला सारखं ते कपाटामागचं स्टूल दिसत होतं. शिक्षकांना द्यायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

थोडी मोठी मुलं अ‍ॅलिस ऑसमन यांच्या ‘हार्टस्टॉपर’ या चित्रकादंबऱ्यांपर्यंत नेटफ्लिक्सवरच्या मालिकेमुळे आपणच पोचतात. त्यातल्या समलिंगी चार्लीला शाळेत झालेला छळ आणि त्याचे मनावर राहिलेले वळ प्रामाणिकपणे आलेत. तेरा-चौदापासून पुढे ठीक.

मराठीचं सांगते. लहान मुलांसाठी या विषयावर मराठीत फार थोडं आहे, आणि ही उणीव मला रोज जाणवते. मोठ्यांसाठी मात्र चांगलं लिहिलं गेलंय. पुण्यात समलिंगी माणसांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांचं ‘पार्टनर’ तुम्ही वाचा. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (मौज, 2006) अकरावी-बारावीनंतर. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ (मनोविकास, 2012) मध्ये ठाण्यातल्या बालपणाचे, चिडवण्याचे आणि अत्याचाराचे प्रसंग आहेत, ते मुलासाठी नाही, पण मुलाच्या आईवडिलांसाठी आहे. बाकी चित्रांची पुस्तकं इंग्रजी असली तरी अडू नका. रात्री झोपताना चित्रं दाखवत आपल्या भाषेत सांगायचं, जसं आपल्याला आजीनं सांगितलं. उलट तुमच्या शब्दांत ती गोष्ट जास्त जवळची होते.

पुस्तकांचा परिणाम सावकाश होतो, आणि त्याची वाट बघत मुलाला त्या वर्गात एकटं ठेवू नका. वर्गशिक्षिकांना भेटा आणि तोंडी सांगून थांबू नका; कोणत्या दिवशी, कुठे, काय झालं ते लिहून द्या, पोच घ्या. चिडवण्यात कोणी शिक्षक सामील असतील (आमच्याकडे कवायतीच्या रांगेत हे घडलेलं मी पाहिलंय), तर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, ते पत्रात लिहा. हात लावणं, कपडे ओढणं असं काही होत असेल तर त्याला चिडवणं म्हणू नका, 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर बोला. आणि मुलाला ‘तू जरा मुलासारखा वाग, म्हणजे चिडवणार नाहीत’ असं कृपा करून म्हणू नका. तो पाणी पितो का, डबा संपतो का, शाळेत लघवीला जातो का, ते मात्र विचारा. रोज नको, पण विचारा.

‘गुठली’ ऑनलाइन मागवता येतं. वर्गशिक्षिका वाचून दाखवायला तयार झाल्या तर इथेच कळवा. माझं वहीतलं मराठी सांगणं आहे, ते तुम्हाला टाइप करून पाठवते.