"बाबा त्यांच्या बाजूचा आहे, मी काय करू?"

"ताई, निवडणूक होऊन वर्ष झालं, पण आमच्या घरातली अजून संपलेली नाही." न्यू जर्सीत समुपदेशन करताना २०२४ च्या नोव्हेंबरनंतर या अर्थाचं वाक्य मी अनेक मराठी आयांकडून ऐकलं. मुलगा किंवा मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, वडील पन्नाशीच्या आसपास, आणि बंदुका, गर्भपात, स्थलांतर यांवरून दोघांची रोज खडाजंगी. वय आहे म्हणून सोडून द्यायचं की घर तुटतंय म्हणून घाबरायचं, हा आयांचा प्रश्न असतो.

यातली एक मुलगी, तिला इथे ईशा म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला घरच्यांची परवानगी आहे.

ईशा आली ती झोप लागत नाही म्हणून. शाळेत 'गव्हर्नमेंट' या राज्यकारभाराच्या विषयाच्या तासाआधी पोटात गोळा येतो, हे तिने दुसऱ्या भेटीत सांगितलं. डिबेटमध्ये बक्षिसं मिळवणारी मुलगी त्या वर्गात तोंडच उघडेना. कारण एकच बाजू घे, असा दबाव शाळेत होता तसा घरातही होता.

१० सप्टेंबर २०२५ ला युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत ट्रम्पसमर्थक, उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची गोळी घालून हत्या झाली. तो व्हिडिओ इतर असंख्य मुलांसारखा तिच्याही फोनवर न मागता आला. मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी "बरं झालं" अशा अर्थाचं लिहिलं. कर्क यांची बहुतेक मतं ईशाला अजिबात मान्य नव्हती, तरी तिने लिहिलं, की माणूस मेलाय, असं बोलू नका. लगेच उत्तर आलं, "मग तू त्यांच्या बाजूची आहेस का?" त्यानंतर तिला कुणी काही विचारलंच नाही.

घरी उलटी बाजू. वडील एच-वन-बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेले. रोजगारावर आधारलेल्या ग्रीन कार्डांत, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यांत, कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग लांबच लांब. त्या रांगेत त्यांची दहा-बारा वर्षं गेली, मग नागरिकत्व, आणि २०२४ ला त्यांनी रिपब्लिकन पक्षाला मत दिलं. "आम्ही नियमाने रांगेत उभे राहिलो, बाकीच्यांनी मधूनच का घुसायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वावर, म्हणजे अमेरिकेत जन्मलं की मिळणाऱ्या नागरिकत्वावर, मर्यादा घालणारा आदेश काढला. त्यात पुढे जन्मणाऱ्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या मुलांनाही वगळलं होतं. त्याला लगेच न्यायालयात आव्हान मिळालं, पण ईशाच्या घरात त्या रात्री जे व्हायचं ते झालं. "बाबा, मी जन्मले तेव्हा तू एच-वन-बीवरच होतास. म्हणजे मी नको होते?" वडील म्हणाले, "टीव्हीवरचं बोलू नकोस." त्यानंतर भांडणं सोडली तर दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते.

मी ईशाला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. एका चिठ्ठीवर एकच विषय, पक्षाचं नाव कुठेही लिहायचं नाही. खाली दोन ओळी: मला काय वाटतं, आणि हे माझ्याकडे कुठून आलं.

बंदुकांची चिठ्ठी पाठपोट भरली. न्यू जर्सीत कायद्याने शाळेला दर महिन्याला सुरक्षेचं ड्रिल घ्यावं लागतं. दाराच्या काचेवर काळा कागद, दिवे बंद, आणि सगळी मुलं भिंतीला चिकटून गप्प. बालवाडीपासून ती हे करत आलेली. तिचं मत तिथून आलं होतं, कुठल्या पक्षाकडून नव्हे. कॉलेज प्रवेशाच्या चिठ्ठीवर तिने लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, तो निकाल तिला बरोबर वाटत होता आणि मैत्रिणींना हे कळलं तर काय, याची धास्ती होती. आरोग्यविम्याची चिठ्ठी कोरी. "मला यातलं खरंच काही माहीत नाही," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळं हसली.

सतरा-अठराच्या मुलांना खरा जाच होतो तो इथे. विषय वेगवेगळे, पण दोन्हीकडून दटावणी एकच: अख्खी थाळी एकाच खानावळीतली घ्यायची, एखादी वाटी जरी दुसरीकडची उचललीस तर तू आमची नाहीस.

मग वडिलांना एकट्याला भेटले. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं तेव्हा तेही हादरले होते, पुण्यातल्या पुतण्याचं इकडे येणं त्याने अडलं होतं. पण मुलीसमोर त्यांनी त्या निर्णयाची बाजू तासभर लढवली होती. का? "तिला वाटलं असतं, ती जिंकली." मला हे फार महत्त्वाचं वाटलं. जे स्वतःलाच पटत नव्हतं त्यासाठी बाप लेकीशी भांडत होता, आणि जे पटत होतं ते लेक मैत्रिणींपासून लपवत होती.

अमेरिकेत हे सगळ्यांच्याच घरात शिरलं आहे. मूल दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न करणार असेल तर वाईट वाटेल का, असं १९६० मध्ये विचारलं तेव्हा दोन्ही पक्षांत जेमतेम ४-५ टक्के लोक हो म्हणाले होते. २०१० पर्यंत हे प्रमाण रिपब्लिकनांत जवळपास निम्मं आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश झालं. सोयरिकीला जात बघणाऱ्या आपल्या समाजाला यातली धग वेगळी सांगायला नको.

दोघांना समोरासमोर बसवताना मी बिल डोहर्टी यांच्या पद्धतीचा आधार घेतला. ते कुटुंब-उपचारक. २०१६ च्या निवडणुकीनंतर ओहायोत ट्रम्प आणि क्लिंटन यांच्या मतदारांना एका खोलीत बसवणाऱ्या 'ब्रेव्हर एंजल्स' या उपक्रमाची आखणी त्यांनी नवरा-बायकोच्या समुपदेशनातल्या तंत्रांवरून केली. मी नियम एकच ठेवला: खोडून काढायचं नाही, फक्त विचारायचं, "तुला असं कशामुळे वाटायला लागलं?"

वडील बोलले. व्हिसाचा शिक्का अडकला तर परत येता येणार नाही, या भीतीने ते स्वतःच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेले नव्हते. ईशाला हे माहीतच नव्हतं. मग ती म्हणाली, "आठवीत एकदा शाळेत बंदूकवाला शिरला म्हणून दारं लावून लॉकडाऊन झालं, ते ड्रिल नव्हतं. अफवा निघाली, पण तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं? मी तुला 'लव्ह यू बाबा' मेसेज केला होता. तू अंगठा पाठवलास." वडिलांनी खिशातून फोन काढला आणि तो मेसेज शोधत बसले.

मतं बदलली नाहीत. गर्भपाताचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवायला सांगितला आहे, कारण तिथे दोघांची भाषा अजून जखम करणारी आहे आणि प्रत्येक विषय जेवणाच्या टेबलावर सुटलाच पाहिजे असं मी मानत नाही. जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दल मात्र वडिलांनी तिला सरळ सांगितलं, की तो आदेश त्यांनाही पटला नव्हता. एक मैत्रीण परत आली, एक आली नाही.

ज्या आया विचारतात त्यांना सांगते: वाद होतात म्हणून घाबरू नका, बोलणंच थांबलं तर लक्ष द्या. झोप, भूक, अभ्यास यांवर दोन आठवड्यांहून जास्त परिणाम दिसला, तर आधी शाळेच्या समुपदेशकाशी बोला. मूल जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर अमेरिकेत ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, वाट पाहू नका. आणि मुलाचं मत ऐकून "हे तुला कुणी शिकवलं?" असं म्हणू नका. त्या एका प्रश्नाने दार बंद होतं.

ईशाने मतदार नोंदणी केली तेव्हा 'आपला पक्ष कोणता' हा अर्जातला रकाना रिकामा सोडला, न्यू जर्सीत तशी मुभा आहे. वडील म्हणाले, कुठला तरी एक पक्ष घ्यायला हवा होता. त्यावर दोघांची तासभर चांगलीच जुंपली, असं तिच्या आईने फोनवर सांगितलं, आणि पुढच्या महिन्याची भेट रद्द केली.