ऑफ-रोड गाडी : लिव्हरवर भिस्त ठेवावी की सेन्सरवर?

प्रश्न : मनुष्यवस्तीपासून दूर, कच्च्या वाटांवर अनेक दिवस फिरण्यासाठी मला फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घ्यायची आहे. एक पर्याय मेकॅनिकल इंजेक्शन पंपाच्या जुन्या डिझेल गाडीचा आहे आणि दुसरा कॉमन रेल इंजिनाच्या (सामायिक नळीतून उच्च दाबाचे डिझेल इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरना देणाऱ्या), स्विचने फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) लागणाऱ्या नव्या गाडीचा. इलेक्ट्रॉनिक्स जितके कमी तितकी गाडी भरवशाची, असे अनुभवी मित्र सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : सरसकट तसे म्हणता येणार नाही. इंजिनाचा आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा आणि लिव्हरने किंवा स्विचने फोर-लो लागणारा गिअरचा डबा) विचार वेगवेगळा केला, तर आपले मित्र एका बाबतीत बरोबर ठरतात आणि दुसऱ्या बाबतीत बरेचसे चुकतात.

मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची जवळजवळ गरज लागत नाही. बहुतेक गाड्यांत डिझेल बंद करणारा एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो आणि काही गाड्यांत तोही नसून त्याच्या जागी ओढायची केबल असते. त्यामुळे वाटेत अल्टरनेटर बंद पडला तरी असे इंजिन चालत राहते, आणि बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका जोर उरला नसला तरी मॅन्युअल गिअरची गाडी उतारावरून सोडून सुरू करता येते. हा गुण खरा आहे आणि निर्जन भागात त्याचे मोल फार मोठे आहे. मात्र तोच पंप आतून झिजला किंवा त्याची सीले गळू लागली, तर तो टेस्ट बेंचवर चढवल्याशिवाय नीट होत नाही. पान्यांच्या पेटीने वाटेत दुरुस्त होईल अशी ती वस्तू नव्हे.

पेट्रोल गाड्यांत तर इलेक्ट्रॉनिक्सची बाजू आणखी भक्कम आहे. तीव्र चढावर किंवा गाडी एका कुशीवर कलल्यावर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी सरकते आणि इंजिन एकतर पेट्रोलने तुंबते किंवा उपाशी राहते. उंचावर हवा विरळ झाली की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त होते. इग्निशनचे पॉइंट झिजतात आणि त्यांची फट पुन्हा पुन्हा बसवावी लागते. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन व इग्निशन यांनी या साऱ्या तक्रारी जवळजवळ मिटवल्या आहेत.

कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब 1,600 ते 2,000 बार आणि काही इंजिनांत त्याहूनही अधिक असतो, तर इंजेक्टरमधील फटी काही मायक्रॉनच्या असतात. खराब डिझेलमधील पाणी आणि कचरा यांचा पहिला फटका उच्च दाबाच्या पंपाला आणि इंजेक्टरला बसतो. म्हणजे ज्या इंजिनाला आपण इलेक्ट्रॉनिक म्हणून नावे ठेवतो, त्याचा दूरच्या प्रवासातील सर्वांत नाजूक भाग प्रत्यक्षात अतिशय सूक्ष्म मापाचा मेकॅनिकल भागच आहे. म्हणून जादा डिझेल फिल्टर जवळ ठेवणे आणि पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा निचरा वेळच्या वेळी काढणे, याला येथे पर्याय नाही.

मग इलेक्ट्रॉनिक्स दगा देते कोठे? बंदिस्त डब्यातील ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) क्वचितच जळतो. बिघाड बहुधा वायरिंग, कनेक्टर आणि अर्थ (बॅटरीचे ऋण टोक इंजिन व चासीच्या धातूला जोडणारी जोडणी) या तीन ठिकाणी सापडतो. संशय असलेला कनेक्टर उघडून पाहावा : पिनेवर हिरवट भुकटी दिसते, रबरी सील एका बाजूला चिरलेले असते किंवा मागची वायर एखाद्या ब्रॅकेटच्या कडेला घासून आतली तांब्याची तार उघडी पडलेली असते. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि फोर-व्हील-ड्राइव्ह यांचे दिवे एकदम पेटले, तर तीन यंत्रणा एकाच वेळी बिघडल्या असे समजण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज व अर्थ तपासावा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावून स्टार्टर मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थची पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब आहेत.

एक फरक मात्र मान्य करायलाच हवा. चाकाचे बेअरिंग जाण्याआधी आवाज करते, तापते, हलू लागते. क्रँक पोझिशन सेन्सर अशी पूर्वसूचना बहुधा देत नाही. तो गेला की पिस्टन कोठे आहे हे ईसीयूला कळत नाही आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते. कधी कधी थंड झाल्यावर ते पुन्हा सुरू होते आणि तापल्यावर पुन्हा थांबते. हा सेन्सर आकाराने लहान असतो आणि बहुतेक गाड्यांत एक-दोन बोल्टांवर बसतो. तो जादा जवळ असावा, आणि आपल्या गाडीत तेथवर हात कसा पोचतो हे निघण्याआधीच पाहून ठेवावे.

ट्रान्सफर केसच्या बाबतीत मी ठामपणे लिव्हरच्या बाजूचा आहे. स्विचच्या गाडीत गिअर बदलणारी शिफ्ट मोटर गाडीच्या पोटाखाली, चिखलपाण्याच्या माऱ्यात असते, आणि फोर-लो महिनोन्‌महिने वापरले नाही की ती अडकते, तीही नेमकी गरजेच्या वेळी. लिव्हरचे सांधेही गंजतात, पण ते डोळ्यांना दिसतात आणि वंगणाने मोकळे होतात. स्विचचीच गाडी घ्यावी लागली, तर महिन्यातून एकदा मोकळ्या मातीवर फोर-लो लावून काढावे. काही गाड्यांत मोटर उतरवून तिचा शाफ्ट पान्याने फिरवता येतो. आपल्या गाडीत ते शक्य आहे का, याची खात्री करून घ्यावी.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा : कॉमन रेल इंजिन आणि लिव्हरची ट्रान्सफर केस एकत्र मिळत असेल, तर तीच गाडी घ्या. जुनी गाडी घेण्याचा विचार पक्का असेल, तर पंपाच्या साधेपणावर भुलण्याआधी तिचे रबरी पाइप, सीले आणि चासीचा गंज तपासा, कारण वय झालेले रबर साध्या यंत्रालाही तितकेच अडवते. नव्या गाडीबरोबर कोड रीडर (ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र), मल्टिमीटर, फ्यूज, रिले, थोडी वायर आणि जंप स्टार्टर ठेवा. बॅटरी इतकी उतरली की ईसीयूच जागा होत नाही, तेव्हा धक्का मारून उपयोग होत नाही.

प्रश्न : ओढा ओलांडताना सेन्सर पाण्यात जातात. त्यांचे संरक्षण कसे करावे?

उत्तर : आयपी 67 दर्जाचा (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा एक दर्जा) भाग 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटे टिकेल अशी अपेक्षा असते, पण ती नव्या, धड सीलच्या भागाची. तापलेला भाग गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि अधू झालेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी गाडी थोडी निवू द्यावी. हवेच्या नळीवाटे सिलिंडरमध्ये पाणी शिरण्याचा धोका यापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि तेथे जुने-नवे असा भेद उरत नाही : कनेक्टिंग रॉड दोन्ही इंजिनांचे वाकतात. अ‍ॅक्सलच्या ब्रीदर नळ्या (आतली हवा ये-जा करू देणाऱ्या) उंचावर नेलेल्या असाव्यात. खोल पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचे तेल पाहावे आणि ते दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेले दिसले, तर पुढचा लांब टप्पा सुरू करण्याआधी बदलावे.