एफडी मोडून बोरघाट बांधायचा का?

प्रश्न : वय ५४, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, गृहकर्ज फिटलेलं. हातात ८८ हजार येतात. घरखर्च ४५ हजार, मुलीच्या शिक्षणाचे महिना सरासरी १० हजार, एसआयपी २० हजार. बंद केलेल्या गॅलरीत ८ बाय ४ फुटांवर एचओ स्केलचा (१:८७ मापाच्या छोट्या मॉडेल रेल्वेचा) बोरघाट उभारायचा आहे. अंदाज ३ लाख : इंजिनं-डबे १ लाख २० हजार, रूळ आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड) ५५ हजार, डीसीसी कंट्रोलर (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजिनं चालवणारा) ४५ हजार, प्लाय-फ्रेम-वायरिंग ३५ हजार, डोंगर-इमारती ३० हजार, किरकोळ १५ हजार. तेवढ्याच रकमेची दोन वर्षांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, १० महिने झाले. ती मोडू, की कार्डावर ईएमआय घेऊ? एक गृहस्थ ६ बाय ४ चा तयार लेआउट (फळीवर मांडलेली आख्खी रेल्वे) चार इंजिनांसह १ लाख ६० हजारांना देतायत, तो घ्यावा का? आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे, वर्षभरात घर रिकामं करायचंय. मुलगी म्हणते, थ्रीडी प्रिंटरही घ्या.

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ शेवटून दुसरी आहे. वर्षभरात घर सोडायचं आहे आणि तुम्ही गॅलरीत ८ बाय ४ चं बांधकाम काढताय.

तुमचाच तक्ता विकता येणारं आणि न येणारं असा फाडून बघा. इंजिनं, डबे आणि कंट्रोलर खोक्यासकट जपले तर छंदातल्या माणसाला विकता येतात. त्यात १ लाख ६५ हजार आहेत. उरलेले १ लाख ३५ हजार प्लाय, वायर, डोंगर आणि चिकटवलेले रूळ यांत जातात. सामान हलवण्याच्या दिवशी त्यातले थोडे सांधे निघतील, बाकीचं भंगारात.

एफडी मोडण्याचा दंड हे भीतीचं कारण नाही. बँक पूर्ण झालेल्या काळाचा दर धरते आणि त्यातून दंड कापते. हातात ५ टक्के पडले असं धरलं, तर १० महिन्यांचे साध्या हिशेबाने साडेबारा हजार मिळतील, ७ टक्क्यांनी साडेसतरा मिळाले असते. नुकसान ५ हजारांचं. खरी अडचण वेगळीच आहे : तुमचा खर्च महिना ५५ हजार, म्हणजे ही एफडी साडेपाच महिन्यांची शिदोरी आहे आणि पत्रात दुसरी कुठली दिसत नाही. पुनर्विकासात अनामत, दलाली, दोनदा सामान हलवणं हे सगळं आधी तुमच्या खिशातून जातं, आणि विकासकाचं भाडं एखाद्या तिमाहीला लांबलं तरी घरमालक थांबत नाही. एफडीला हात लावू नका. कार्डाचं तर नावच नको : ‘नो-कॉस्ट’ म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लागतोच, आणि परदेशी दुकानातून घेतलंत तर चलनबदलाचं शुल्क वर.

आता घाटाविषयी, कारण इथे पैशाआधी भूमितीच नकार देते. कर्जत-लोणावळ्याचा चढ ३७ ला १ आहे. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा न्यायला ७५ मिलिमीटर उंची लागते. त्या चढाने ती गाठायला २,७७५ मिलिमीटर लांबी हवी, उतरायला तेवढीच. म्हणजे साडेपाच मीटर. ८ बाय ४ वर १८ इंची वळणं घेतली तर आख्खी फेरीच साधारण ५.६ मीटरची होते. स्टेशनसाठी सपाट जागा उरत नाही, आणि चढ सुरू होताना-संपताना जी हळूहळू गोलाई द्यावी लागते ती तर अजून धरलेलीच नाही. त्यात आयसीएफचा नेहमीचा प्रवासी डबा १:८७ मध्ये २४५ मिलिमीटर भरतो. लांब डबे निर्धास्त चालायला वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट असावी, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे २९ इंच. ४ फुटी प्लायवर ते वर्तुळ बसतच नाही. १८ इंचांवर लांब डबे आतल्या बाजूला लोंबतात, कपलिंग ओढून डबा रुळावरून उतरवतात, आणि मग माणूस रुळाला दोष देत बसतो. जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून तुमच्याच कोथरूडमध्ये आहे. पुन्हा एकदा जा, पण या वेळी गाड्या सोडून वळणांकडे बघा.

आयातीचा आकडाही तक्त्यात कुठे दिसत नाही. खेळण्यांच्या शीर्षकाखालचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. माल कोणत्या मार्गाने येतो त्यावर प्रत्यक्ष दर ठरतो, म्हणून मागवण्याआधी कुरिअर कंपनीकडून लेखी अंदाज घ्या. शुल्क वाहतूक आणि विमा धरून लागतं, जीएसटी शुल्कासह किमतीवर. वेबसाइटवरची किंमत म्हणजे निम्मी गोष्ट.

मी सुचवतो ते असं. ८८ मधून ७५ हजार गेले की १३ उरतात. त्यातले ५ हजार घर हलवण्यासाठी वेगळे टाका, ८ हजार रेल्वेला. सात महिन्यांत ५६ हजार होतात, आणि तेवढ्यात एक छोटं मालधक्क्याचं शंटिंग यार्ड पूर्ण होऊ शकतं. एक इंजिन, आठ वाघिणी, दोन सांधे, तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ) : एकात पाच वाघिणी मावतात, दोनांत तीन-तीन. ठरलेल्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवायची. वळण नाही, चढ नाही, आणि दोन्ही फळ्या भाड्याच्या घरी रिक्षातून जातात.

मापं देतो. १५ इंच रुंद, ३ फूट लांब अशा दोन फळ्या; वर ९ मिलिमीटर प्लाय, खाली ३ इंची प्लायपट्ट्यांची चौकट, दर फुटाला आडवी पट्टी. ही १,८२९ मिलिमीटर लांबी अशी वाटा : डाव्या टोकापासून ६०० मिलिमीटर शंटिंगची मान, म्हणजे इंजिनाने वाघिणी घेऊन मागे-पुढे व्हायचा रूळ (१९७ चं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आणि १२३ च्या तीन बॉक्सएन वाघिणी मिळून ५६६), मग पहिला सांधा २३० धरून ८३० पर्यंत, फळ्यांचा जोड ९१४ वर, दुसरा सांधा ९६० ते १,१९०, पुढे पाच वाघिणींचे ६१५. उरलेल्या २४ मिलिमीटरमध्ये बफर, म्हणजे रुळाच्या टोकाचा अडथळा. सांधा फळ्यांच्या जोडावर कधीही येऊ देऊ नका. तिथे सांध्याची जीभ (हलणारा रूळ) अडकते आणि दुरुस्तीला जागाच नसते. विकत घेतलेला सांधा २३० पेक्षा लांब निघाला तर आधी कागदावर सरकवा.

जोडाच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवून रूळ त्यांच्यावर सोल्डर करा आणि शेवटी बारीक करवतीने एकदाच कापा, म्हणजे हलवाहलवीत टोकं उचकटत नाहीत. फळ्या ८ मिलिमीटरच्या दोन बोल्टांनी आवळा. प्लायच्या कडांना आणि खालच्या बाजूलाही प्रायमर लावा. पावसाळ्यात कडा फुगल्या की जोडावर पायरी तयार होते, आणि अर्धा मिलिमीटरची पायरी गाडी पाडायला पुरते. बंद गॅलरी एप्रिलमध्ये भट्टी होते. तापमान २० अंशांनी चढलं तर रूळ मीटरमागे सुमारे ०.३ मिलिमीटर लांबतो, म्हणून रुळांच्या जोडांत फट ठेवा आणि लेआउट उन्हाच्या बाजूला ठेवू नका.

सांधे घेताना ज्यांच्या मध्यभागी वीज जाते असेच घ्या. शंटिंग मुंगीच्या पावलांनी चालतं, आणि प्लास्टिकच्या मध्यावर छोटं इंजिन हमखास थांबतं. खडी पसरताना फेविकॉल पाण्यात निम्मं करून भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. सांध्याच्या जिभेपाशी मात्र हे मिश्रण टाकू नका. वॉटरप्रूफ गोंद अजिबात नको, साध्या फेविकॉलने बसवलेला रूळ ओल्या फडक्याने पुन्हा सुटतो. घर हलवताना रूळ वाचवायचे असतील तर ही एवढी गोष्ट पाळा.

डीसीसी आत्ता कशाला? एका इंजिनाला साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर पुरतो. इंजिन मात्र डिकोडरचं (डीसीसीचे संदेश वाचणाऱ्या चिपचं) सॉकेट असलेलंच घ्या आणि फळीखालची मुख्य वायर १.५ चौरस मिलिमीटरची टाका, म्हणजे उद्या डीसीसी घेतलं तर उकराउकर नाही.

वरच्या मर्यादा : इंजिन आणि वाघिणी ३० हजार, रूळ-सांधे ७, कंट्रोलर ६, लाकूड-वायर ५, सोल्डरिंग गन-मल्टिमीटर-रंग-खडी ६. एकूण ५४. आठ वाघिणी ३० हजारांत बसत नसतील तर पाचांवर सुरू करा. इंजिन स्वस्तातलं घेऊ नका, कारण सावकाश न चालणारं इंजिन शंटिंगला निरुपयोगी असतं. प्लायचे कापीव तुकडे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, वायर-स्विच तपकीर गल्लीत, बोल्ट-स्क्रू बोहरी आळीत. आठ बाय चारची अख्खी शीट आणू नका, उरलेली गॅलरीतच राहते.

तयार लेआउटला नाही म्हणा, पण त्या गृहस्थांशी बोलणं तोडू नका. ४ फूट रुंद तयार डोंगर लिफ्टमध्ये जाणार नाही, जिन्यात वळणार नाही, आणि मधून कापला की खालचं वायरिंग तुटतं. फक्त चार इंजिनांची, डब्यांची आणि कंट्रोलरची किंमत विचारा. प्रत्येक इंजिन वीस मिनिटं अगदी मंद वेगाने दोन्ही दिशांना चालवायला लावा. मोटर खूप तापली, जळका वास आला किंवा इंजिन एकाच दिशेला अडखळलं तर ते सोडा. डोंगर आणि इमारतींची किंमत शून्य धरा. चांगलं एखादं इंजिन मिळालं तर तुमच्या ३० हजारांतले बरेच वाचतील, सीमाशुल्कही नाही.

मुलीचा थ्रीडी प्रिंटर सध्या नको. तिला डिझाइन शिकू द्या आणि मालधक्क्याची शेड, केबिन वगैरे बाहेरून छापून घ्या. वर्षभरात डझनभर वस्तू छापायला दिल्यात, तर प्रिंटरचा विचार तेव्हा.