एश्पोरांवच्या रेड वाइन: कुठली आधी, कुठली नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात लिस्बनला जाताय, एक दिवस एव्होरात आहात आणि तिथून एश्पोरांव वायनरी गाठायचा विचार आहे. गोव्यात प्यायलेल्या पोर्ट या गोड वाइनमुळे पोर्तुगालची रेड वाइन गोडच असणार असं वाटतंय. शिवाय बाटलीवर द्राक्षाचं नाव ठळक दिसत नाही, मग निवडायची कशी? (उच्चार एश्पोरांवच. गोव्यातल्या जुवांवचा शेवट तोच इथला.)

आधी गोडाचं. पोर्ट उत्तरेला दोरू नदीच्या खोऱ्यात होते. रस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू ओततात. यीस्टचं काम थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून ती गोड आणि म्हणूनच १९-२० टक्क्यांची. गोव्यात पोर्ट म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांचा त्या खोऱ्याशी संबंध नावापुरता. एश्पोरांव दक्षिणेला आलेंतेजोत, रेगेंगुशजवळ. इथल्या रेड पूर्ण आंबवलेल्या, ड्राय, म्हणजे साखर न उरलेल्या. तेव्हा ती धास्ती सोडा.

या इस्टेटच्या हद्दी १२६७ पासूनच्या, पण वाइन अगदी अलीकडची. जुझे रोकेत आणि जुआकीं बांदैरा यांनी १९७३ मध्ये ती विकत घेतली. पुढच्याच वर्षी क्रांती झाली आणि जमीन सरकारजमा झाली. ती परत मिळून पहिली वाइन आली १९८५ च्या हंगामाची. १९९२ मध्ये डेव्हिड बॅव्हरस्टॉक हे ऑस्ट्रेलियन वाइनमेकर आले आणि अनेक वर्षं राहिले. या वायनरीला 'आधुनिक' म्हणतात ते का, हे कळायला तिथला उन्हाळा लक्षात घ्यावा लागतो. पारा ४० वर जातो. आंबणारा रस स्वतःही तापतो, आणि ३५ अंशांच्या पुढे गेला की यीस्ट दमतं, फळाचा वास शिजल्यासारखा होतो. थंड ठेवता येणाऱ्या स्टीलच्या टाक्या, रात्री किंवा पहाटे तोडणी, स्वच्छ तळघर: खरा बदल इथे झाला. स्थानिक द्राक्षं मात्र त्यांनी धरून ठेवली, आणि मला या वायनरीबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

आता द्राक्षाचं नाव. पोर्तुगालात स्वतःच्या अडीचशेच्या वर जाती आहेत आणि मिसळून वाइन करणं हीच तिथली रीत. गोडा मसाला घेताना आपण डब्यावर 'धने' शोधत नाही, तसंच हे. इथल्या मिश्रणात अरागोनेश ही जात अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा देते. दोरूत तिलाच तिंता रोरीश म्हणतात आणि स्पेनमध्ये टेम्प्रानिल्यो. आपल्या नाशिककडेही ती लावलेली आहे. त्रिंकादैरा मसालेदार, किंचित पालेभाजीसारख्या हिरव्या वासाची. दमट हवेत तिचे घड कुजतात, आलेंतेजोच्या कोरड्या हवेत टिकतात. आणि माझी सगळ्यात लाडकी, अलिकांत बुशे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकट असतो, रंग फक्त सालीत. हिचा मणी चिमटला की रसच लाल. पहिल्यांदा चिमटला तेव्हा जांभूळ खाल्ल्यावर होतात तशी माझी बोटं झाली, दोनदा धुऊनही नखांच्या कडेला रंग राहिला. ही मूळची फ्रान्समध्ये १९व्या शतकात तयार केलेली जात. तिथे तिला रंगापुरतंच वापरलं गेलं, आलेंतेजोत तिला मान मिळाला.

आता एश्पोरांवच्या बाटल्या. सुरुवात त्यांच्या मोंत व्हेल्योने करा. ही रोजच्या जेवणाची वाइन: मऊ, पिकल्या फळाची, लगेच पिण्याजोगी. अनेक जण स्वस्त म्हणून ती ओलांडून थेट वर जातात. तसं करू नका, कारण पिंपाच्या ओक लाकडाचा वास फारसा आड न येता प्रदेशाची चव इथेच कळते. मग त्यांची वरची पायरी, रिझर्व्हा. अरागोनेश, त्रिंकादैरा, काबर्ने सोव्हिन्यों आणि अलिकांत बुशे, अमेरिकन आणि फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवलेली. तुरटपणा जास्त, अल्कोहोल १४ च्या पुढे. पाच-सहा वर्षं झालेली मिळाली तर तीच घ्या. त्याहून वरची प्रायव्हेट सिलेक्शन उत्तम आहे, पण पहिल्याच भेटीत तिच्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत. लेबलवर 'तिंतु' म्हणजे रेड, 'कोल्हैता' म्हणजे हंगामाचं साल. 'गाराफैरा' दिसलं तर ती रेड निदान ३० महिने मुरलेली, त्यातले १२ बाटलीत.

घरी आणल्यावर एक चूक हमखास होते. 'रूम टेंपरेचर' म्हणजे पुण्यातली मे महिन्यातली खोली नव्हे. मी एकदा ३२ अंशांवर रिझर्व्हा ओतली होती. नाकाला स्पिरिटचा झणका बसला आणि फळ सापडेना. तीच बाटली दीड तास फ्रीजमध्ये ठेवली, १७ अंशांच्या आसपास आली, आणि काळ्या मनुकांचा, नंतर व्हॅनिलाचा वास वर आला. जेवणाबरोबर घेणार असाल तर तिखट आवरा. मिरचीबरोबर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही चढतात, तांबडा रस्सा तर नकोच. खोबरं-कांद्याच्या वाटणातलं बेताच्या तिखटाचं सुकं मटण छान जमतं. गोव्याच्या सोरपोतेलचं, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट रश्शाचं, मूळ ज्या सारापातेल या पदार्थात आहे, तो आलेंतेजोचाच. पण आपल्या सोरपोतेलमधल्या व्हिनेगरपुढे रिझर्व्हा कडवट लागते, तिथे मोंत व्हेल्यो घ्या. एव्होरात मात्र काळ्या डुकराचं मांस आणि रिझर्व्हा ही जोडी चुकवू नका.

परत येताना माणशी २ लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, म्हणजे ७५० मिलीच्या २ बाटल्या. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा.

एव्होरा ते रेगेंगुश रस्त्यावर बुचाच्या ओकची झाडं लागतील, खोड सोलल्यावर विटकरी दिसणारी. गाडी थांबवून खोडावर पांढऱ्या रंगाने काढलेला आकडा बघा. तो साल सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक असतो. ४ दिसला तर २०२४ ला सोललंय, पुढची सोलणी ९ वर्षांनी, २०३३ ला.