वाचक विचारतात: ज्यू लग्नात दोन घरच्या पद्धती कशा बसवायच्या?

प्रश्न: ताई नमस्कार, आमचं लग्न ठरलंय आणि दोन्ही घरं ज्यूच आहेत म्हणून मला वाटलेलं की पद्धतींवरून काही प्रॉब्लेम येणारच नाही. पण माझ्याकडचे अश्केनाझी, म्हणजे पणजोबा वगैरे पूर्व युरोपातले, आणि त्याच्याकडचे मोरोक्कोचे सेफार्दी. माझी आई म्हणते लग्नाआधी आठवडाभर एकमेकांचं तोंड बघायचं नाही, लग्नाच्या दिवशी उपास करायचा, हुप्प्याखाली, म्हणजे लग्नाच्या मांडवाखाली, मी त्याच्याभोवती सात फेरे घ्यायचे. त्याची आई म्हणते हे आमच्यात नाहीच, आमच्यात हिना झालीच पाहिजे आणि त्या रात्री दोघं शेजारी शेजारी बसतात, मग भेटायचं नाही म्हणजे काय? आणि लग्न लागल्यावर आम्ही दोघं एका खोलीत जाऊन दार लावून घेणार हे ऐकून तर त्यांना कसंतरीच झालं. रोज नवीन काहीतरी निघतंय. दोघींनाही दुखवायचं नाहीये, पण सगळंच करत बसलो तर लग्न किती वेळ चालेल? कुठून सुरुवात करू?

उत्तर: आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, ज्या गोष्टींनी लग्न लागतं त्या फार थोड्या आहेत आणि त्या दोन्ही घरांत सारख्याच आहेत. नवऱ्याने स्वतःच्या मालकीची साधी, बिनखड्याची अंगठी दोन साक्षीदारांसमोर नवरीच्या उजव्या हाताच्या तर्जनीत घालायची आणि ते ठरलेलं हिब्रू वाक्य म्हणायचं, केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, वाचायचा, हुप्पा, आणि दहा जणांच्या मिन्यानसमोर सात आशीर्वाद. तुझी आई आणि सासूबाई यातल्या एकाही गोष्टीवरून भांडत नाहीयेत बघ. त्या ज्यावरून भांडतायत तो सगळा मिनहाग आहे, म्हणजे त्या त्या घराची, गावाची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. रीत कमी महत्त्वाची असं मी अजिबात म्हणत नाहीये, लग्नानंतर लोकांना आठवतं ते तेच. पण तिच्यात मागेपुढे करायला जागा असते.

हा फरक आजचा नाही हे दोघींनाही जरा सांग. योसेफ कारो यांचा शुल्खान आरुख हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ १५६५ साली व्हेनिसमध्ये छापला गेला, त्यात मुख्यतः सेफार्दी पद्धत होती. क्राकोवच्या मोशे इसर्लेस यांनी बघितलं की यात आपल्या लोकांच्या रीती नाहीत, म्हणून त्यांनी त्याच मजकुरात आपल्या टिपा घातल्या. दुसरं पुस्तक काढून पहिलं खोडलं नाही. आजही दोघांचं एकाच पानावर छापलं जातं आणि सेफार्दी एकाचं ऐकतात, अश्केनाझी दुसऱ्याचं. तुम्ही जे करायला बघताय ते इतकं जुनं आहे.

आता प्लॅनिंग. सगळं त्या एका संध्याकाळी कोंबू नकोस, आगेमागे मिळून दोनेक आठवडे आहेत तुमच्याकडे, ते वापर. अश्केनाझी घरात नवऱ्या मुलाला लग्नाच्या आधीच्या शब्बातला, म्हणजे शनिवारी, तोराहपाशी (धर्मग्रंथापाशी) बोलावतात, त्याच्यावर गोळ्या-चॉकलेटं उधळतात. सेफार्दी घरात शब्बात खातान, म्हणजे नवऱ्याचा शब्बात, असतो तो लग्नानंतरचा. म्हणजे इथे भांडण नाहीच, आधीचा शब्बात तुझ्या घरच्या पद्धतीने करा आणि नंतरचा त्यांच्या. नंतरच्या सात दिवसांत रोज जेवण आणि पुन्हा सात आशीर्वाद असतातच, त्यातलं एखादं मोरोक्कन घरी, एखादं तुझ्या मामाकडे, असं वाटून टाका, ज्यांना हॉलमध्ये काही करायला मिळालं नाही त्यांनाही मान मिळतो.

हिना आणि ते न भेटणं, याचं उत्तर फक्त कॅलेंडर. हिना लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी ठेवा, त्यानंतर तुझ्या आईचा न भेटण्याचा आठवडा सुरू होऊ दे. बास. सासूबाईंना हिना आदल्याच रात्री हवी असेल तर बोलून बघ, बहुतेकवेळा त्यांना हिना व्हायला हवी असते, तारखेचा एवढा हट्ट नसतो. आणि ही रात्र प्लीज अर्धवट करू नका. मोरोक्कन हिना म्हणजे सोनेरी जर भरलेला मखमली केसवा एल केबिरा हा नवरीचा पोशाख, पाहुण्याबायका काफ्तानमध्ये (लांब झग्यात), तळहातावर हिनाचा गोळा ठेवून वर रिबीन बांधायची, बायकांचा तो जिभेने काढलेला उंच आवाज. येमेनी, इराकी, बेने इस्राएल अशा कितीतरी ज्यू घरांत हिना किंवा मेंदी आहे, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून कुठलंही कुठलंतरी न आणता त्यांच्या घरची कशी ते सासूबाईंनाच विचार. तुझ्या आईलाही काफ्तान घालायला दे आणि तुझ्या शेजारी बसव. नुसतं पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसवलं तर तिला ती रात्र दुसऱ्यांचीच वाटणार, आणि मग पुढच्या प्रत्येक गोष्टीत ती अडून बसेल.

उपास तर भांडणाचा विषयच नाही. अश्केनाझींमध्ये दोघंही हुप्प्यापर्यंत उपास करतात, सेफार्दींमध्ये सहसा करत नाहीत कारण तो दिवस त्यांच्यासाठी सणाचा. तुला करायचा तर तू कर, त्याने जेवावं. रोश खोदेशला (ज्यू महिन्याच्या पहिल्या दिवशी) किंवा हनुक्का सणाच्या दिवसांत लग्न असेल तर सहसा उपास नसतोच.

हुप्प्याखालचं मात्र नीट बसवायला हवं. बेदेकेन, म्हणजे नवऱ्याने येऊन नवरीच्या चेहऱ्यावर स्वतः पदर घालणं, हे तुमच्याकडचं, याकोबाला राहेल समजून लेआ दिली गेली त्या बायबलमधल्या गोष्टीशी लोक ते जोडतात. ते बाजूच्या खोलीत पाच-दहा मिनिटांत होतं, त्याला कुणी हरकत घेताना मी तरी पाहिलं नाहीये. मग तू त्याच्याभोवती सात फेरे घे (काही घरांत तीनच असतात, तुमच्या आजीला विचार). त्यांच्याकडे नवीन तालित, म्हणजे प्रार्थनेची शाल, असतो, तो बऱ्याचदा नवरीकडूनच दिलेला, नवरा तो हुप्प्याखाली पहिल्यांदा अंगावर घेतो, आशीर्वाद म्हणतो आणि मग दोघांच्या डोक्यावर तोच धरतात. हे सगळं एकमेकांत छान बसतं. चार खांबांचा हुप्पा शक्यतो उघड्या आकाशाखाली ठेवा, तशी तुमच्याकडची आवड असते, त्याच्याखाली फेरे होऊ देत, आणि शेवटच्या सात आशीर्वादांना चारी पालकांनी तालितचं एकेक टोक धरून तुमच्यावर पसरावं. सात आशीर्वाद सात वेगवेगळ्या जणांना देता येतात, तिथे दोन्हीकडचे आजोबा, काका येऊ देत, आणि ज्याने त्याने आपापल्या चालीत म्हणावं. एकाच हुप्प्याखाली एक आशीर्वाद पोलिश चालीत आणि पुढचा मोरोक्कन चालीत ऐकणं ही इतकी सुंदर गोष्ट आहे ना, की त्यासाठी बाकीचं दहा ठिकाणचं कापलं तरी चालेल. चाली मात्र आधी ज्याच्या त्याला पाठ आहेत ना ते बघून घे.

राहिला यिखुद, दार लावून खोलीत जाणं. इथे खरोखरची अडचण आहे. अश्केनाझी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, याला लग्नाचाच भाग धरतात, दाराबाहेर दोन साक्षीदार उभे राहतात. बऱ्याच सेफार्दी रब्बींना मात्र पाहुण्यांदेखत असं खोलीत जाणं लाजिरवाणं वाटतं, त्यांच्याकडे नवराबायको रात्री आपल्या घरी जातात तोच यिखुद. मला विचारशील तर मी इथे सासूबाईंच्या बाजूने झुकेन. तुझ्या आईला हवं ते रात्री घरी गेल्यावरही होणारच आहे, पण हॉलमध्ये दार लागलं की सासूबाईंना जो संकोच होईल तो भरून काढता येत नाही. फक्त तुझा दिवसभराचा उपास असेल, तेव्हा हुप्पा झाला की दोन्ही आयांबरोबर एका खोलीत बसून आधी काहीतरी खा, पाणी पी. पण हा माझा कल झाला, शेवटचा शब्द लग्न लावणाऱ्या रब्बींचा, आणि म्हणूनच रब्बी एकच ठरवा आणि आत्ताच ठरवा, दोन रब्बी दोन बाजूंनी उभे केले की ज्या गोष्टींवर वाद नाही तिथेही वाद निघतात.

तारीखही त्यांनाच विचारून घ्या, हॉल बुक करायच्या आधी. पेसाख आणि शावुओत या सणांच्या मधल्या ओमेरमध्ये, म्हणजे मोजून धरलेल्या एकोणपन्नास दिवसांत, अश्केनाझी साधारणपणे तेहतिसाव्या दिवसापासून लग्नं लावतात, सेफार्दी चौतिसाव्यापासून. तम्मुझ महिन्याच्या १७ पासून आव महिन्याच्या ९ पर्यंतचे तीन आठवडे अश्केनाझी पूर्ण टाळतात, सेफार्दींमध्ये बरेच जण फक्त आव लागल्यापासूनचे दिवस टाळतात. अशा ठिकाणी जे जास्त कडक तेच धरा. जेवणाचंही तेच, सेफार्दींकडे मांस हलाक बेत योसेफ, म्हणजे जास्त कडक नियमांनी तपासलेलं, लागतं, केटररकडे तेच सांगितलं तर तुमच्याकडचेही बिनघोर जेवतील.

आणि एक काम कर, दोघींना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचार, कुठली गोष्ट झाली नाही तर तुम्हाला पुढे वर्षानुवर्षं वाईट वाटेल? दहा गोष्टींवर अडलेली बाई पण अशावेळी एक किंवा दोनच सांगते. त्या शंभर टक्के करायच्या. तुझे तीन माझे तीन अशी मोजणी सुरू होऊ देऊ नकोस, मोजायला लागलं की मग कुणाचंच समाधान होत नाही.

प्रश्न: आम्ही मुलीकडचे, अश्केनाझी. जावयाकडचे सेफार्दी आहेत, माणसं फार चांगली आहेत, पण परवा त्यांच्या वडिलांनी विचारलं की केतुब्यात रक्कम किती लिहायची? म्हणे ती हुप्प्याखाली मोठ्याने वाचतात. मला आणि मिसेसना फार अवघडल्यासारखं झालं, आमच्याकडे असा आकडा कुणी ठरवत नाही. मुलीची किंमत केल्यासारखं नाही का हे?

उत्तर: नाही हो, तसं मनात आणू नका. तुमच्याकडे आकडा ठरवत नाहीत कारण तो आधीच ठरलेला असतो. पहिल्या लग्नाच्या नवरीसाठी मूळ रक्कम २०० झूझ (जुनी चांदीची नाणी), आणि अश्केनाझी केतुब्यात त्यावरची भर सगळ्यांना एकसारखी, छापील असते, श्रीमंत-गरीब भेद दिसू नये म्हणून. सेफार्दींमध्ये ती भर उघडी ठेवतात आणि प्रत्येक नवरा आपला आकडा घालतो. दोन्हीकडे पैसे मुलीच्या बापाला मिळत नाहीत की कुणाला त्या दिवशी द्यायचे नसतात, घटस्फोट झाला किंवा नवरा आधी गेला तर बायकोच्या हातात काहीतरी असावं म्हणून नवऱ्याने अंगावर घेतलेली ती जबाबदारी आहे. तुमच्या मुलीचंच संरक्षण आहे ते. व्याह्यांनी तुम्हाला विचारलं हा त्यांचा आदर समजा.

केतुबा ही नवऱ्याची जबाबदारी असल्यामुळे मसुदा बहुतेक ठिकाणी नवऱ्याकडच्या पद्धतीचा घेतात, तेव्हा तो सेफार्दी असू द्या. बऱ्याच सेफार्दी केतुब्यांत नवरा दुसरी बायको करणार नाही असंही लिहिलेलं असतं, तेही तुमच्या मुलीच्याच बाजूचं आहे. अश्केनाझींमध्ये राब्बेनू गेर्शोम यांनी साधारण इसवी सन १००० च्या आसपास बहुपत्नीत्वावर बंदी घातली म्हणून त्यांना ते वेगळं लिहावं लागलं नाही.

आकडा मुलगा, मुलगी आणि रब्बी यांनी बसून आधीच ठरवावा, हॉलमध्ये पाहुण्यांसमोर त्यावर चर्चा नको. बरेच जण अठराच्या पटीत घेतात. जो आकडा मुलगा खरोखर देऊ शकेल तोच बरा, उगाच डोळे दिपवणारा नको. आणि चित्रकाराकडून सजवून घेणार असाल तर आधी मजकूर रब्बींकडून पास करून घ्या, मग ऑर्डर द्या. दोघांची आणि दोघांच्या वडिलांची हिब्रू नावं अचूक लिहून द्या, सुंदर केतुबा नावाच्या एका चुकीमुळे बाजूला ठेवावा लागला तर फार जीवाला लागतं.

प्रश्न: माझ्या घरचे ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुने नियम कडक पाळणारे, तिच्या घरचे रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी. तिची एकच इच्छा आहे, तिच्या बहिणीने केतुब्यावर साक्षीदार म्हणून सही करावी. आमचे रब्बी नाही म्हणाले. काय करू?

उत्तर: आधी तिला हे सांगा की तुमचा सख्खा भाऊ असता तरी रब्बी नाहीच म्हणाले असते. साक्षीदार नवरा-नवरीच्या नात्यातले चालत नाहीत आणि एकमेकांच्याही नात्यातले नकोत. ऑर्थोडॉक्स पद्धतीत साक्षीदार पुरुषच लागतात हे वेगळं, आणि ते रब्बी बदलणार नाहीत. रिफॉर्ममध्ये स्त्रिया साक्षीदार होतात पण तिथेही बरेच रब्बी नात्याबाहेरचीच माणसं घ्यायला सांगतात. तिला हा नकार फक्त बहिणीचा अपमान वाटत असेल तर यामुळे निम्मा राग तरी जाईल.

पण तिची इच्छा नुसती समजूत काढून सोडून देऊ नका. अरामी भाषेतल्या केतुब्याबरोबर तुमच्या भाषेतला दुसरा कागद करा, त्यात तुम्ही दोघांनी एकमेकांना काय शब्द दिला ते लिहा, त्यावर बहिणीची सही घ्या आणि तोच फ्रेम करून घरात लावा. केतुबा वाचून झाला की त्याचा अर्थ तिने हुप्प्याखाली उभं राहून वाचावा, याला काही ऑर्थोडॉक्स रब्बी परवानगी देतात, तुमच्या रब्बींना नीट विचारा, आणि विचारताना तिलाही बरोबर घेऊन जा. तुम्ही एकटे जाऊन उत्तर आणलंत तर तिला ते तुमच्या घरचंच उत्तर वाटेल.