आक्रेचा मुक्काम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नवरोजच्या, म्हणजे कुर्दी नववर्षाच्या, मशाली पाहायला आम्ही पती-पत्नी इराकी कुर्दिस्तानातल्या आक्रे गावी जाणार आहोत. राजधानी एर्बिलहून जाऊन रात्रीच परतावं की तिथेच राहावं? पैसे, व्हिसा यांचं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर: राहावंच. २० मार्चच्या संध्याकाळी मशाली घेतलेले लोक डोंगर चढतात, आणि ते पाहायला आलेल्या सगळ्या गाड्या नंतर एकाच वेळी परतीला लागतात. एरवी एर्बिल-आक्रे हा दीड-दोन तासांचा रस्ता, त्या रात्री किती वेळ घेईल ते सांगता येत नाही. १९ तारखेलाच पोहोचा. गावात हॉटेलं मोजकी आहेत आणि नवरोजला ती भरतात, म्हणून खोली आधी फोनवरून पक्की करा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्या.

एर्बिलच्या गराजवरून, म्हणजे टॅक्सीतळावरून, शेअर टॅक्सी मिळते. चार प्रवासी झाले की ती सुटते. घाई असेल तर रिकाम्या जागांचे पैसे भरून लगेच निघता येतं. दुपारनंतर प्रवासी कमी होतात आणि शुक्रवारी सुट्टी असते, त्यामुळे सकाळीच निघणं चांगलं.

व्हिसाच्या बाबतीत बहुतेकांचा गोंधळ होतो. कुर्दिस्तान सरकारचा व्हिसा फक्त कुर्दिस्तानापुरता चालतो, संघीय इराकच्या, म्हणजे बगदाद सरकारच्या ताब्यातल्या भागाच्या, नाक्यावर नाही. मोसूल आणि किरकूक या संघीय भागात येतात. आक्रेहून दुहोकला जाताना गाडी मोसूलमार्गे जाणार नाही ना, हे बसण्याआधी विचारा. एर्बिलहून सुलेमानियाला जाताना किरकूकचा रस्ता नको, कोया आणि दुकान या गावांवरून चला. ड्रायव्हर जवळचा रस्ता धरतात, पण नाक्यावरून तुम्हाला परत पाठवतात. नियम बदलत असतात, तेव्हा भारतीय पासपोर्टला आज काय लागू आहे ते तिकीट काढण्याआधी तपासा. परराष्ट्र मंत्रालयाची प्रवास-सूचनाही वाचा. या भागातली विमानं अचानक बंद पडू शकतात, म्हणून तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. एर्बिलमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे, त्याचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा.

पासपोर्ट खोलीत ठेवून हिंडू नका. वाटेत नाके लागतात आणि असायिश, म्हणजे तिथले सुरक्षा पोलीस, तो मागतात. नाक्याचे किंवा शिपायांचे फोटो काढू नका.

पैशांची सोय एर्बिलमध्येच करा, आक्रेत कार्डाच्या भरवशावर राहू नका. भारतातून अमेरिकन डॉलर न्या. नोटा नव्या छपाईच्या, न फाटलेल्या आणि शिक्का-शाई नसलेल्या हव्यात, नाहीतर सराफ, म्हणजे पैसे बदलून देणारा, त्या घेत नाही किंवा भाव पाडतो. १०० डॉलरच्या नोटेला लहान नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो. एर्बिलच्या किल्ल्याखालच्या बाजारात दिनार करून घ्या. २५,००० च्या नोटांबरोबर १,००० आणि ५,००० च्याही मागा, कारण टॅक्सीवाल्याकडे सुटे असतीलच असं नाही.

प्रश्न: मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहायची वेळ येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नाश्त्याला अजिबात नाही. ताजा नान, पनीर, मस्त (दही), साय, मध, ऑलिव्ह आणि चहा असा नाश्ता सगळीकडे मिळतो. अडचण दुपारी येते. भात, राजम्यासारख्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची, म्हणजे फसुल्याची रस्साभाजी आणि भेंडी यांत मांस दिसत नसलं तरी ते मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकतात. द्राक्षाच्या पानांच्या याप्रखमध्येही बहुधा खिमा असतो. ‘बे गोश्त’ एवढं म्हटलं तर वरचे मांसाचे तुकडे काढून तेच ताट पुढे येऊ शकतं, म्हणून रस्सा कशात शिजवलाय हेही विचारा. मसुराच्या सूपचंही तसंच. सोबत मेतकूट, चटणी आणि भाजलेले शेंगदाणे ठेवा. मस्ताव, म्हणजे ताक, मात्र बिनधास्त प्या.

कोणी घरी बोलावलं तर चप्पल दाराशी काढा आणि मिठाईचा डबा न्या. मांस खात नाही हे आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. ताट वाढून झाल्यावर सांगितलं तर यजमानांना फार वाईट वाटतं.

प्रश्न: एकटी स्त्री म्हणून कपडे आणि सामान काय घ्यावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर: खांदे आणि गुडघे झाकणारे सैल कपडे, मशिदीसाठी ओढणी. उपाहारगृहात कुटुंबांसाठी वेगळी बाजू असेल तर तिथे बसा. मार्चच्या रात्री गार असतात आणि पाऊसही येतो, म्हणून जाकीट आणि घट्ट पकडीचे बूट हवेत: आक्रेच्या गल्ल्या उतारावर आहेत. वीज जाऊ शकते, तेव्हा पॉवर बँक आणि टॉर्च ठेवा, शिवाय सर्व प्रकारच्या सॉकेटना चालणारा अडॅप्टर. गावाबाहेर डोंगरात एकटीने वाट सोडून जाऊ नका. कुर्दिस्तानच्या सीमाभागात जुने भूसुरुंग अजून आहेत. कवटीचं चित्र असलेला लाल त्रिकोण दिसला, तर आलेल्या पावलांवरूनच मागे फिरा.