वडिलांना पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीत मायकोटिक अ‍ॅन्युरिझम सांगितलाय. ही बुरशी आहे का? ऑपरेशन न करता गोळ्यांनी बरं होतं का?

दादा, पहिले ते बुरशीचं डोक्यातून काढा. अ‍ॅन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगवटा, अन् मायकोटिक म्हणजे तो जंतूंमुळं झालेला. मायकोटिक हे नाव ऑस्लर नावाच्या डॉक्टरनं १८८५ मधे दिलेलं, तेच चालत आलंय, पण बहुतेक वेळा कारण बॅक्टेरिया असतात, स्टॅफ नाहीतर साल्मोनेला.

माझ्या मामाला हेच झालं होतं. परभणीकडचं गाव, वय ६६, शुगर जुनी. आधी जुलाब, मग ताप यायचा जायचा अन् कंबर लई दुखायची. विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉईड समजून सलाईन लावले, कमरेला पट्टा दिला. मामी पोटाला तेल लावत होती तर म्हणे बेंबीपाशी हाताला ठोके लागतेत. तेव्हा संभाजीनगरला नेलं, सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) केला. डॉक्टरनं स्क्रीनवर दाखवलं, साधा अ‍ॅन्युरिझम बहुतेक चोहोबाजूनं फुगतो, हा एकाच अंगाला, ओबडधोबड, भोवती सूज. ठिबकची मेन पाइप एका जागी कमजोर होऊन फुगा धरते ना, तसा. साधा असला तर पुरुषांत साधारण ५.५ सेंमीपर्यंत ऑपरेशन न करता थांबतात, पण यात भिंतच सडलेली असते, लहान असला तरी भरवसा नाही, काही दिवसांतच वाढू शकतो.

म्हणून नुसत्या गोळ्यांवर राहू नका. अँटिबायोटिक शिरेतूनच लागतं अन् बहुतेकांना त्यासोबत ऑपरेशन. खराब भाग काढून साफ करून नवी नळी बसवतात, किंवा रक्ताला काखेतून जांघेकडं वेगळा रस्ता करून देतात. पेशंट मोठं ऑपरेशन झेपण्यासारखा नसेल तर जांघेतून स्टेंट टाकतात, पण घाण आतच राहते म्हणून औषध लई दिवस चालतं.

आमचं एक चुकलं ते तुम्ही चुकू नका. ब्लड कल्चर (रक्तात कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्यायला पाहिजे, वेगवेगळ्या जागेवरून दोन-तीन वेळा. मामाला आधीच इंजेक्शनं झालेली, कल्चर कोरं आलं, शेवटी ऑपरेशनमधे काढलेल्या तुकड्यात साल्मोनेला सापडला अन् मग नेमकं औषध मिळालं. वडिलांची प्रकृती ढासळत असेल तर मात्र कल्चरसाठी औषध अडवून धरू नका, बाटल्या भरल्या की लगेच सुरू करा म्हणावं.

ऑपरेशननंतर किमान ६ आठवडे शिरेतून औषध, पुढं कित्येकांना महिनोन्‌महिने गोळ्या. तिसऱ्या आठवड्यात मामा म्हणत होता बरं वाटतंय, सोयाबीन काढायचंय, घरी चला. आम्ही हलू दिलं नाही.

अचानक पाठ-पोट फाटल्यासारखं दुखून घाम सुटला, चक्कर आली, रक्ताची उलटी किंवा काळी संडास झाली, पाय थंड पडला तर एक मिनिट घालवू नका, फुगवटा फुटलेला किंवा आतड्यात उघडलेला असू शकतो. अन् पोट कुणालाच चोळू देऊ नका. महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला आजच विचारा, सीटीची सीडी पिशवीत ठेवा अन् व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन करणारा) आहे तिथंच सरळ न्या.